सामुराईंच्या गळ्यातली घुंगरं

भाव करण्यात मी आजवर कुणाला हार गेलेलो नाही. एकदाच गेलो. त्या वेळी समोर गावातली चार शहाणी माणसं बसली होती आणि सौदा माझ्या भावाच्या पोरीचा होता. इतकी वर्षं झाली, तो सौदा मला अजून मान्य नाही.

माझा धंदा बैलांच्या सामानाचा. दोरखंड, वेसणी, झुली, शिंगांना बांधायची बाशिंगं, घुंगरमाळा. औसा, निलंगा, भोकर, माळेगावची जत्रा, हे सगळे बाजार मी आधी गाठोडं खांद्यावर घेऊन केले, मग बैलगाडीतून, मग टेम्पोतून. आज लातुरात गंजगोलाईच्या मागं माझं पक्कं दुकान आहे. त्यात कुणाच्या बापाचा एक खिळा नाही.

बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघंजण समोरासमोर उभे राहतात, हातावर उपरणं टाकतात आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. पटलं नाही तर मान हलवायची. पटलं की समोरच्याचा सगळा पंजा घट्ट धरायचा, की सौदा पक्का.

भावाची पोरगी चार-पाच वर्षांची असताना माझ्या गाडीत सामानावर बसून बाजाराला यायची. तिला या खेळाचं भलतंच वेड लागलं. मी घरी दिसलो की "बापू, सौदा!" म्हणून उपरण्याखाली हात घालायची. खांद्यावर बसून किती चकरा, रेवड्या किती, सगळं बोटांनी ठरायचं. मी एक बोट दाबलं की ती मान हलवायची. दोन दाबली की आणखी जोरात. तोंडातून शब्द काढायची नाही, डोळे मात्र माझ्यावर रोखलेले. वहिनी म्हणायची, "भावजी, पोरीला दलाल करून ठेवता का काय!" भाऊ कमी बोलायचा. तो नुसता हसायचा.

भूकंप झाला त्याच्या आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. पोर मिरवणुकीत नाचून दमली आणि अंगणाबाहेर सोडलेल्या माझ्या गाडीत, पोळ्यात न खपलेल्या झुलींच्या ढिगावर झोपून गेली. उचलायला गेलो तर लाथा झाडायला लागली, म्हणून मीही तिथंच आडवा झालो. पहाटेच्या आधी मला जाग आली ती घुंगरांनी. गाडीच्या दांडीला अडकवलेल्या माळा आपोआप वाजत होत्या. बैल गोठ्यात होते. वाऱ्याची झुळूक नव्हती. मला वाटलं कुणी चोर मालाला हात लावतोय. शिवी द्यायला मी तोंड उघडलं.

पुढचं मी लिहीत नाही. दगडमातीची घरं होती आमची. भाऊ गेला, वहिनी गेली. आम्ही दोघं बाहेर गाडीत, झुलींवर होतो, म्हणून वाचलो. घुंगरांचं मी कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. ती वाजणं आणि घर बसणं यांच्यामध्ये एक श्वास घेण्याइतकीही जागा नव्हती.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना नांदेडहून पोरीचे मामा मामींना घेऊन आले. हायस्कुलात मास्तर. भाषा स्वच्छ, सदरा स्वच्छ. त्या धुळीत तो पांढरा सदरा बघूनच माझं डोकं फिरलं होतं. गावातली जाणती माणसं बसली. मामा म्हणाले, "मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे."

"मी शिकवीन," मी म्हणालो.

"काय शिकवाल? वेसण वळायला?"

ते हेच शब्द बोलले की मीच तसं ऐकलं, यावर आमचा वाद आजही मिटलेला नाही. माझ्या हातात चहाचा ग्लास होता तो मी पत्र्यावर फेकून मारला. पोर दचकून रडायला लागली. जाणत्यांनी एकमेकांकडं बघितलं. "एकटा गडी. घरात बाई न्हाई. त्यात डोक्यात असा राग. पोर मामाकडं राहू दे." आणि सगळे उठले. मला दुसरं बोलायला वावच दिला नाही. बाजारात पहिला आकडा ऐकून कुणी उठून जातं का?

जीपमध्ये बसताना पोरीनं ती झूल धरून ठेवली होती. मामी म्हणाल्या, "बाळा, वास येतो तिला, राहू दे इथंच." एकेक बोट सोडवून त्यांनी झूल माझ्या हातात दिली.

मी नांदेडला गेलो नाही असं नाही. गेलो. झूल धुऊन, घडी करून घेऊन गेलो. मामांनी मला ओट्यावर बसवलं. चहा बाहेरच आला. "आत तिचा अभ्यास चाललाय," ते म्हणाले. पुढच्या खेपेला म्हणाले, "तुम्ही येऊन गेलात की ती झोपत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, गावाची आठवण नको." मी कप तसाच ठेवून उठलो. त्याच्यानंतरच्या खेपेला एसटीतून उतरलो, नांदेडच्या स्टँडवर थोडा वेळ उभा राहिलो, आणि तीच गाडी परत फिरत होती तिच्यात बसलो. त्यानंतर गेलो नाही. मला ओट्यावर बसवणाऱ्या माणसाच्या दारात मी पुन्हा जाणार नव्हतो. पोरीनं आठवण ठेवली तर येईल, असं मनाशी ठरवलं. लहान पोर कसली आठवण ठेवणार, हेही मला कळत होतं.

पुढच्या वर्षांत आमच्या भागात ट्रॅक्टर आले आणि लातुरात क्लास आले. बैल कमी झाले, पोरं वाढली. जिकडं बघावं तिकडं डॉक्टर-इंजिनिअर करून देतो म्हणणाऱ्या पाट्या. मी वेळ ओळखली. झुली मागच्या खोलीत टाकल्या आणि पुढं बादल्या, गाद्या, लोखंडी कॉट, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या मांडल्या. धंदा झाला, पण चव गेली. अकरावीला पोर सोडायला आलेला बाप भावच करत नाही. मी सांगेन तो आकडा मुकाट्यानं देतो आणि जाताना माझ्याकडं असा बघतो की जणू पोराची जबाबदारी मीच घेतली आहे. असल्या माणसाला लुटताही येत नाही.

एका हिवाळ्यात, गॅदरिंगच्या दिवसांत, दुकानात चार-पाच पोरंपोरी आली. त्यातल्या जाड्या, बडबड्या पोरानं झेरॉक्स काढलेलं एक चित्र माझ्यासमोर धरलं.

"काका, असले ड्रेस पाहिजेत. ड्रेसवाल्याकडं न्हाईत. त्यानं तुमच्याकडं पाठवलं."

चित्रात एक माणूस होता. डोक्यावरच्या टोपाला शिंगं, कपाळावर चकाकणारं काहीतरी, अंगावर पट्ट्या गुंफून केलेलं चिलखत, खांद्यावरून लोंबणारी झालर.

"कोण हाय हा?"

"सामुराई. जुन्या काळातला जपानचा लढवय्या."

"मला तर पोळ्याचा बैल दिसायलाय."

सगळे फिदीफिदी हसले. मागं उभी असलेली एक पोरगी तेवढी हसली नाही. ती आतल्या खोलीच्या दारातून झुलींच्या ढिगाकडं बघत होती.

जाड्यानं नाटक सांगितलं. क्लासमध्ये पाचजण टेस्ट देत बसलेले असतात. फळा मधोमध फाटतो आणि सगळे कित्येक शतकं मागं, सामुराईंच्या लढाईत जाऊन पडतात. दोन सरदार एकमेकांच्या जिवावर उठलेले. पोरांना पकडून सरदारासमोर उभं करतात. "सरदार इचारतो, तलवार चालवता येते का? आम्ही म्हणतो, न्हाई, पण चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखता येतो." तो स्वतःच्याच वाक्यावर खो खो हसला. "सरदार मीच हाय, काका."

"आणि मग जिंकतं कोण?"

"कुणीच नाही," मागची पोरगी पहिल्यांदा बोलली. "भूकंप होतो. त्या पाचजणांतल्या एकीनं पुस्तकात वाचलेलं असतं की हा किल्ला पडणार आहे. ती सगळ्यांना सांगत सुटते, बाहेर या, बाहेर या. कुणी ऐकत नाही. दोन्ही बाजूंना लढाईच मोठी वाटत असते."

"नाटक हिनंच लिहिलंय," जाड्या म्हणाला. "ती पोरगीपण हीच."

"जपानच कशाला पाहिजे? आपल्याकडं लढाया कमी झाल्या का?"

"तिथं जमीन सारखी हलते," ती म्हणाली. "तरी लोक तिथंच राहतात. परत घरं बांधतात. झोपतात पण. ते कसं जमतं, ते मला बघायचं होतं."

मग भाड्याचा भाव सुरू झाला. जाड्या माझ्याशी घासाघीस करत होता, पण मी आकडा बोललो की तो तिच्याकडं बघायचा आणि ती मान हलवायची. मी उतरलो. ती पुन्हा मान हलवायची, जरा जोरात. तोंडातून शब्द नाही, डोळे माझ्यावर रोखलेले. मी तिची हनुवटी बघितली. माझ्या भावाची हनुवटी होती ती.

"गाव कुठलं गं तुझं?"

"नांदेड," ती म्हणाली.

बाजारात मी लाथा खाल्ल्यात, बैलाचं शिंग खाल्लंय. ते एवढं लागलं नव्हतं. औशाचं नाव नाही, आमच्या गावाचं नाव नाही. नांदेड! मामानं पाटी पुसून काढली म्हणायची. मी मान खाली घातली आणि जाड्यानं मागितला त्या भावात सौदा पक्का केला. वरून, ज्यानं आयुष्यात कुणाला सुतळीचा तुकडा फुकट दिला नाही, त्या मी, त्या पहाटे गाडीच्या दांडीवर होत्या त्याच जुन्या घुंगरमाळा काढून त्यांच्यासमोर ठेवल्या.

"घुंगरं कशाला, काका?"

"घ्या. बैलाचं सामान घुंगराबिगर दिलं तर माझ्या दुकानाची अब्रू जाती."

आठवडाभर मी आणि माझी बायको चिलखतं बनवत बसलो. लग्न माझं उशिरा झालं. पोरीची सगळी कहाणी बायकोला ठाऊक होती. तेलाचे डबे कापून पट्ट्या केल्या, त्या रंगीत दोऱ्यांनी गुंफल्या, वर झुलींची झालर लावली. स्कूटरच्या जुन्या हेल्मेटांना शिंगं आणि बाशिंगं बांधली. बायको म्हणाली, "तोंडानं इचारा की तिला एकदा. जीभ झिजती का?"

"तिला आठवत असंल तर ती बोलंल."

"आणि ती पण असंच म्हणून गप बसली असंल तर? शेवटी रक्त तुमचंच."

गॅदरिंगच्या संध्याकाळी मी हॉलमध्ये सगळ्यात मागं, भिंतीला टेकून उभा राहिलो. पहिल्या रांगेत पांढरा सदरा दिसला. केस पिकले होते, मान तशीच ताठ. मामा नांदेडहून आले होते.

नाटक चांगलं चाललं होतं. चार पर्यायांच्या वाक्याला हशा आला. मग सरदाराची फौज यायची वेळ झाली, आणि विंगेतून आवाज आला. छुन छुन छुन. माझे सामुराई आले. शिंगं, बाशिंगं, झालरी आणि गळ्यात घुंगरमाळा.

हॉलमध्ये कुणीतरी ओरडलं, "पोळा फुटला रे!"

झालं. हॉलभर शेतकऱ्यांचीच पोरं. "सर्जा आला, सर्जा!" "पुरणपोळी आणा!" "ए, त्याला ओवाळा कुणीतरी!" शिट्ट्या सुरू झाल्या. जाड्या सरदार रागानं पाय आपटायचा, तितकी घुंगरं जास्त वाजायची, तितका हशा वाढायचा. ती मधोमध उभी होती. ओठ हलत होते, आवाज कुणाला ऐकू येत नव्हता.

मी फुकट दिलेली ती घुंगरं. जगात माझी म्हणावी अशी एकच पोर, आणि तिचं नाटक मीच बुडवलं. माझ्या डोक्यात तीच जुनी तिडीक गेली.

"गप बसा रे!" मी मागून ओरडलो. "लाज वाटत न्हाई? पोरगी बोलायलीय तिकडं! ऐका की तिचं!"

सगळा हॉल वळून माझ्याकडं बघायला लागला. मामाही वळले. मला ओळखून त्यांचा चेहरा पडला. तिनंही बघितलं. मला वाटलं, आता ही आत पळून जाईल, आणि पत्र्याच्या शेडमध्ये झालं तेच पुन्हा होईल.

ती पळाली नाही. सावकाश सरदाराजवळ गेली. त्याच्या गळ्यातल्या माळेवर तिनं तळहात ठेवला. आवाज थांबला. बाकीचे सामुराईही जागच्या जागी गोठले. मग तिनं हात हळूच काढला आणि ती माळ किंचित वाजली.

"सरदार," ती म्हणाली, "बैल गोठ्यात आहेत. वारा नाही. मग ही घुंगरं कोण वाजवतंय?"

हे नाटकात नव्हतं. जाड्या तोंड उघडं टाकून बघत राहिला. त्याच्याकडं या प्रश्नाला पर्यायच नव्हते.

"ऐका ना," ती म्हणाली. "उठा. सामान राहू द्या. तलवारी राहू द्या. बाहेर या." ती एकेका सामुराईसमोर जायची, त्याच्या गळ्यातली घुंगरं हलवायची आणि म्हणायची, "ऊठ." शेवटच्यासमोर ती थांबली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, ऊठ."

आमच्या भागातल्या पोरांना ते समजावून सांगायची गरज नव्हती. मी भिंतीला पाठ घासत खाली बसलो. ती त्या पहाटे झोपलेली होती असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ती जागी होती. तिनं ऐकलं होतं. या जगात ती घुंगरं ऐकलेली दोनच माणसं, आणि दुसरं ते स्टेजवर उभं होतं.

नाटक संपल्यावर मी बाहेर चिंचेखाली उभा राहिलो. सामान परत घ्यायचं होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. आधी मामा आले.

"तुमचं ओरडणं गेलं नाही अजून."

"तुमची खुर्ची पुढं आणि मी भिंतीला. ओरडावंच लागतं."

तेवढ्यात ती आली. चेहऱ्याचा रंग अर्धा पुसलेला, हातात एक घुंगरमाळ. माझ्यासमोर उभी राहिली.

"बापू, यायचं का बंद केलं तुम्ही?"

बापू! राग आला की मला बोलता येतं. बाकी कशानं येत नाही, म्हणून मी रागच काढला. "ओट्यावर बसवत होते मला! चहा बाहेर देत होते! मी काय वसुलीला आलो होतो?"

"ती झोपायची नाही हो," मामा म्हणाले. आवाज मास्तराचा नव्हता. "तुम्ही येऊन गेलात की रात्र रात्र बसून राहायची. आम्ही काय करायचं?"

"तुम्ही चुकीचं समजलात, मामा," ती शांतपणे म्हणाली. "ते यायचे म्हणून नाही. आत न येताच जायचे म्हणून. मला आतून आवाज ऐकू यायचा त्यांचा."

मामा चष्मा काढून उगाचच पुसत राहिले.

"आणि मग नांदेड का सांगितलंस?" मी विचारलं. "दुकानात तू मला ओळखलं नव्हतंस का?"

"दुकान शोधतच आले होते मी."

"मग?"

"तो पहिला भाव होता, बापू. मला वाटलं तुम्ही वाढवाल." ती हसली, डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही तर तिथंच सौदा पक्का केला. वर घुंगरं फुकट. तेव्हाच कळलं, तुम्हीपण ओळखलंय."

मग तिनं माझ्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, आमच्या हातांवर टाकलं आणि खाली हात घातला. हात मोठा झाला होता. बोटांना शाईचे डाग. तिनं माझं एक बोट दाबलं.

कशाचा सौदा चाललाय ते मला सांगावं लागलं नाही. वर्षातून किती वेळा घरी येणार. एकदा. मी मान हलवली. तिनं दोन बोटं दाबली. मी आणखी जोरात मान हलवली.

"काय चाललंय हे?" मामा म्हणाले. "उद्या टेस्ट आहे तिची. होस्टेल बंद होईल."

आम्ही दोघांनीही त्यांच्याकडं बघितलं नाही. तीन बोटं. मी तिच्यावर डोळे रोखले आणि मान हलवत राहिलो. आयुष्यात एवढ्या चिवटपणे मी कुठला सौदा लढलो नसेन. मग तिनं माझा सगळा पंजा घट्ट धरला आणि सोडला नाही.

चिलखतं परत आली, हेल्मेटं परत आली, एक शिंग मोडलं होतं. घुंगरमाळ एक कमी होती. ती तिनं होस्टेलच्या खिडकीला बांधली. खोलीतल्या पोरी कटकट करायच्या, पंखा लावला की वाजते म्हणून. ती म्हणायची, वाजत नाही तेव्हा मला झोप लागते, राहू द्या.

नंतर ती रविवारी यायची, जेवायची, झुलींच्या ढिगावर पुस्तक घेऊन पडायची. बायको तिला उठवायची नाही.

मामांना मी माफ केलेलं नाही. वेसणीचा तो शब्द मी विसरणार नाही, आणि मामा अजून म्हणतात की ते तसं बोललेच नव्हते. ते पोळ्याला आमच्याकडं येतात. मी त्यांना मुद्दाम ओट्यावर बसवतो आणि आत जायला वळतो. मग ती चहाचे तीन कप घेऊन बाहेर येते आणि मला हाताला धरून तिथंच खाली बसवते.